भुंगेरा सूत्रकृमी टोचत नाही, ते स्वतः उतरतात

डास मलेरिया टोचतो, तसा लांब मिशांचा भुंगेरा चिडाच्या (पाइनच्या) झाडात ते वाळवून टाकणारे सूत्रकृमी, म्हणजे धाग्यासारखे सूक्ष्म कृमी, टोचतो, असं अनेक जण अजूनही सांगतात. ते चूक आहे. कृमी त्याच्या लाळेत नसतातच. असतात भुंगेऱ्याच्या श्वासनलिकांत, कधी कधी हजारोंनी. तिथे ते काही खात नाहीत, साठवलेल्या चरबीवर तग धरतात.

भुंगेरा कोवळ्या फांदीची साल कुरतडतो, तेव्हा जखमेतून टर्पिनांचा, म्हणजे झाडाच्या राळेतल्या वासाच्या द्रव्यांचा, वास सुटतो. त्यातलं मायर्सीन कृमींना खेचतं. पण लगेच नाही. चरबी भरपूर असेतो त्यांना भुंगेऱ्याच्या अंगच्या वासाचीच ओढ असते. चरबी आटली की ओढ झाडाकडे वळते. म्हणून भुंगेरा लाकडातून बाहेर आल्यावर पहिल्या काही दिवसांत फारसे कृमी उतरत नाहीत. त्यांचा लोंढा साधारण दोन ते चार आठवड्यांनी येतो. जखमेपर्यंतचं अंतर ते स्वतः सरपटत कापतात.

त्यामुळे भुंगेरे मारायचे तर ते बाहेर पडताच, उशिरा नव्हे. आणि वाळलेल्या झाडाची नुसती साल सोलून भागत नाही, कारण भुंगेऱ्याच्या अळ्या आत लाकडात शिरलेल्या असतात. अळ्या आणि कृमी मारायला लाकूड तापवायचं तर गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअस, सलग 30 मिनिटं. वरचा पृष्ठभाग तापला म्हणजे काम झालं असं समजणं, ही इथली नेहमीची चूक.