पदार्थांची संरचना, बंध आणि गुणधर्म

पदार्थ कठीण की मऊ, वीजवाहक की विद्युतरोधक, हे केवळ त्यातल्या मूलद्रव्यांवरून ठरत नाही. अणू कशाने बांधले गेले आहेत आणि ते कसे रचले आहेत, यावर ते अवलंबून असते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण कार्बनचे. हिऱ्यात प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांशी सहसंयुज बंधांनी, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या भागीदारीने, जोडलेला असतो. ही रचना भौतिकशास्त्रज्ञ ब्रॅग पितापुत्रांनी 1913 मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली. चारही संयुजा (सर्वांत बाहेरचे) इलेक्ट्रॉन बंधांत अडकल्याने हिरा वीज वाहून नेत नाही. ग्रॅफाइटमध्ये अणूला शेजारी तीनच. त्यांची षटकोनी जाळी बनते आणि उरलेला इलेक्ट्रॉन थरभर फिरतो, म्हणून ग्रॅफाइट वीजवाहक. थरातल्या बंधाची लांबी 0.142 नॅनोमीटर, तर हिऱ्यातल्या बंधाची 0.154. म्हणजे मऊ ग्रॅफाइटमधला बंध हिऱ्यातल्या बंधापेक्षा आखूड आणि बळकट आहे! मऊपणा येतो तो 0.335 नॅनोमीटर अंतरावरच्या दोन थरांमधील दुबळ्या आकर्षणामुळे. मात्र ग्रॅफाइटचा निसरडेपणा एवढ्यानेच उलगडत नाही. हवेतले बाष्प थरांच्या कडांवरचे मोकळे बंध झाकते. निर्वातात ते नसल्याने घर्षण वाढते. विमाने विरळ, कोरड्या हवेत उंच उडू लागली, तेव्हा त्यांच्या जनित्रांतले कार्बनचे ब्रश (फिरत्या भागाला घासत वीज वाहून नेणारे तुकडे) झपाट्याने झिजू लागले, ते याच कारणाने.

मिठाच्या स्फटिकात धन आणि ऋण आयन (प्रभारित अणू) आळीपाळीने असतात. आघाताने एक ओळ सरकली की सजातीय प्रभार समोरासमोर येतात आणि स्फटिक दुभंगतो. धातूंत इलेक्ट्रॉन सामाईक असल्याने थर सरकले तरी बंध टिकतो. म्हणून धातूचा पत्रा ठोकता येतो.

पण निर्दोष स्फटिक धरून हिशेब केला, तर धातू वाकवायला प्रत्यक्षाहून हजारपट बळ लागायला हवे. ही विसंगती 1934 मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलानी या शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे सोडवली. स्फटिकात अणूंच्या अर्धवट सुटलेल्या ओळी असतात. सुरवंटाची वळी पुढे सरकते तसा हा दोष सरकतो, त्यामुळे सगळे बंध एकदम तोडावे लागत नाहीत. पोलादातला कार्बन या दोषाची वाट अडवतो, म्हणून पोलाद कठीण. तांब्याची तार वारंवार वाकवली की असे दोष वाढून एकमेकांत गुंततात आणि ती कडक होते. तापवली की दोष कमी होऊन पुन्हा मऊ पडते.