३० वर्षांनंतरचे १०० डॉलर

१८ जुलै २०१३ रोजी अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ‘पेन्शनरांनी शहर खाल्लं’ असा सूर निघाला. आजही निघतो. पोलीस आणि अग्निशामक सोडले, तर तिथल्या निवृत्त पालिका कर्मचाऱ्याला वर्षाला सरासरी १९ हजार डॉलरच्या आसपास मिळत. यात कसली आली चैन! खरी गोम वेगळ्याच आकड्यात आहे. त्याचं नाव वटाव दर, म्हणजे पुढे द्यायच्या पैशाची आजची किंमत काढताना धरलेला वाढीचा दर.

समजा, ३० वर्षांनी १०० डॉलर द्यायचेत. आज किती बाजूला टाकावेत? पैसा दरसाल ७.५ टक्क्यांनी वाढेल असं धरलं, तर साधारण ११ डॉलर ४० सेंट. ४ टक्के धरले, तर जवळजवळ ३१ डॉलर. देणं तेच, तारीख तीच. फक्त आशा बदलली. म्हणजे पेन्शनचा पैसा गुंतवणाऱ्या निधीने जोखमीचे शेअर घेऊन जास्त परताव्याची अपेक्षा धरली, की कागदावरचं कर्ज आपोआप लहान! (चक्रवाढ व्याजाला आठवं आश्चर्य म्हणणारं वाक्य आइन्स्टाइनच्या नावावर खपवतात. तो तसं म्हणाल्याचा पुरावा नाही.)

डेट्रॉइटच्या निधींनी ८ टक्क्यांच्या जवळपास दर धरला होता. त्यांच्या हिशेबात तूट, म्हणजे देण्यासाठी कमी पडणारा पैसा, १ अब्ज डॉलरच्याही खाली होती. राज्याने नेमलेल्या प्रशासकाच्या तज्ज्ञांनी ७ टक्के धरले, आणखी काही गृहीतकं बदलली आणि तूट साडेतीन अब्जांवर गेली.

बाजार पडला की काय होतं पाहा. १०० चे १०८ व्हायचे होते, झाले ८०. पुढच्या वर्षाअखेर ठरलेल्या ११६.६४ वर पोचायला जवळपास ४६ टक्के परतावा हवा. त्यात दरमहा पेन्शन जातच असतं, म्हणजे वाढायला मुद्दलही कमी. हा खड्डा पालिकेने करातून भरायचा. पण १९५० साली साडेअठरा लाखांच्या घरात असलेली वस्ती २०१० पर्यंत सव्वासात लाखांच्याही खाली आली होती. करदाते शहर सोडून जातात. देणं जात नाही. शेवटी कामावरच्यांच्या जवळपास दुप्पट पेन्शनर झाले.

२०१४ च्या तडजोडीत साध्या कर्मचाऱ्यांचं पेन्शन ४.५ टक्क्यांनी कापलं आणि महागाईपोटीची वार्षिक वाढ बंद झाली. बोभाटा पहिल्या कपातीचा झाला, पण दुसरी जास्त खोल आहे: महागाई दरसाल २ टक्के धरली, तरी २० वर्षांत गोठलेल्या पेन्शनची किंमत एक तृतीयांशाने घटते. चक्रवाढ तीच, फक्त उलट्या दिशेने.