मूलपेशीजन्य पुटिका : फुफ्फुस-इजेवरील उपचार

मूलपेशींनी (स्टेम सेल) बाहेर टाकलेल्या, पटलाने वेढलेल्या अतिसूक्ष्म पिशव्या रुग्णाला देऊन जखमी फुफ्फुस सावरण्याचा प्रायोगिक उपचार. या पिशव्यांना पेशीबाह्य पुटिका म्हणतात. त्यांतल्या लहान पुटिका म्हणजे एक्झोसोम, साधारण ३० ते १५० नॅनोमीटरचे; मोठ्यांना सूक्ष्मपुटिका म्हणतात.

ज्या आजारासाठी हा खटाटोप चालला आहे, तो तीव्र श्वसनत्रास लक्षणसमूह, म्हणजेच एआरडीएस. १९६७ साली अमेरिकेतील डेन्व्हरच्या डॉक्टरांनी १२ रुग्णांवरून त्याचे पहिले वर्णन केले. न्यूमोनिया, सेप्सिस (जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला, अवयवांनाच घातक ठरणारा प्रतिसाद) किंवा मोठा अपघात झाल्यावर वायुकोश आणि रक्तकेशिका यांच्यामधला नाजूक पडदा पाझरू लागतो, वायुकोशांत पाणी भरते आणि रक्ताला प्राणवायू मिळेनासा होतो. कोविडच्या काळात कित्येक घरांनी हे जवळून पाहिले. व्हेंटिलेटरवर श्वासाची मात्रा कमी ठेवणे आणि रुग्णाला पालथे झोपवणे यांनी जीव वाचतात. पण फाटलेला पडदा सांधणारे औषध आजही हाती नाही.

त्या शोधात आधी पुढे आल्या त्या अस्थिमज्जेतील मध्योतक (मेसेन्कायमल) मूलपेशी. शिरेतून दिल्यावर त्या बहुतांशी फुफ्फुसाच्या केशिकांतच अडकतात आणि काही दिवसांत नाहीशा होतात. तरीही प्राण्यांमध्ये गुण दिसत होता. पेशी टिकत नसेल तर गुण कशाचा? तिने मागे सोडलेल्या द्रव्यांचा, हे उत्तर हळूहळू पुढे आले. मला या विषयातले हे सर्वांत मोलाचे वळण वाटते. अमेरिकेतील ‘स्टार्ट’ चाचणीत (२०१९) ६० रुग्णांमध्ये अशा पेशी सुरक्षित ठरल्या, पण मृत्यू कमी झाले नाहीत. गोठवलेल्या पेशी वितळवल्यावर त्यांतल्या जिवंत किती उरतात, हे प्रमाणही मात्रेगणिक बदलत होते. पुटिका मुळात जिवंत नसतात, त्यामुळे ही अडचण तिथे येत नाही; त्यांची संख्या शरीरात वाढण्याचाही प्रश्न नाही.

पुटिका काम कशा करतात, याचा एक धागा २०१४ च्या प्रयोगात सापडला. जिवाणूच्या विषाने फुफ्फुस सुजलेल्या उंदरांना सूक्ष्मपुटिका दिल्यावर सूज आणि पाणी दोन्ही उतरले. मात्र केराटिनोसाइट वाढघटक या पेशींची वाढ घडवणाऱ्या प्रथिनाचा संदेशवाहक आरएनए, म्हणजे ते बनवण्याची सूचना, आधीच कमी केलेल्या पेशींच्या पुटिका तितक्या गुणकारी ठरल्या नाहीत. म्हणजे दुरुस्तीची निदान एक सूचना पुटिकेतूनच पोहोचत होती. प्रत्यारोपणासाठी नाकारलेल्या मानवी फुफ्फुसांवरही प्रयोग झाले. त्यांत वायुकोशांतले पाणी अधिक वेगाने उपसले गेले. पुटिकांतून तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया, पेशीला ऊर्जा पुरवणारे घटक) भक्षकपेशींपर्यंत, म्हणजे जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींपर्यंत जातात आणि त्यांचा दाहकपणा उतरवतात, असेही दिसले आहे.

माणसांतला पुरावा मात्र तोकडा आहे. कोविडमधील एआरडीएसच्या १०२ रुग्णांवर अस्थिमज्जेतील पुटिकांची दुसऱ्या टप्प्याची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले: उपचार सुरक्षित दिसला, परिणामकारकतेचा निर्णय मोठ्या चाचणीवर राहिला. तरीही ‘एक्झोसोम थेरपी’च्या जाहिराती जोरात आहेत, हे चिंताजनक आहे. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात अशी उत्पादने घेतलेल्या रुग्णांना गंभीर अपाय झाल्यावर तिथल्या औषध नियामकाने डिसेंबर २०१९ मध्ये अशा विनापरवाना उत्पादनांविरुद्ध जाहीर इशारा दिला होता.

मात्रा कशी मोजायची, हाही वाद मिटलेला नाही. कुणी कण मोजतो, कुणी प्रथिनांचे वजन घेतो, तर कुणी पुटिका ज्यांतून मिळाल्या त्या पेशींची संख्या सांगतो. दाता किंवा पेशी वाढवण्याची पद्धत बदलली की पुटिकांतला ऐवजही बदलतो, म्हणून दोन प्रयोगशाळांचे निकाल थेट ताडून पाहता येत नाहीत.