स्पॅनिश शब्दकोशातल्या आखूड अक्षरांमागचा इतिहास

स्पॅनिश शिकायला घेतलं की 'पाणी' हा शब्द पहिल्याच आठवड्यात भेटतो आणि बुचकळ्यात टाकतो. बोलताना म्हणायचं 'एल आग्वा', आणि 'एल' तर पुल्लिंगी उपपद. शब्दकोशात मात्र आग्वापुढे 'एफ.', म्हणजे स्त्रीलिंग. ही छपाईची चूक नव्हे. लॅटिनमधल्या 'इल्ला' या स्त्रीलिंगी रूपाचं जुन्या स्पॅनिशमध्ये 'एला' झालं. पुढे आघात असलेला 'आ' आला की त्याचा शेवटचा स्वर गळायचा आणि 'एल' उरायचं. म्हणून विशेषण स्त्रीलिंगीच लागतं, 'एल आग्वा फ्रीआ', आणि अनेकवचन 'लास आग्वास'. कोश हे सगळं एका अक्षरात सांगून मोकळा होतो.

इतकी काटकसर का, याचं उत्तर माद्रिदमध्ये आहे. बिय्येनाच्या मार्केसच्या (मार्केस ही सरदारकीची पदवी) पुढाकाराने १७१३ साली तिथे स्पॅनिश भाषेची राजमान्य अकादमी स्थापन झाली. १७२६ ते १७३९ या काळात तिने सहा खंडांचा कोश काढला. त्यात अर्थांच्या पुष्ट्यर्थ नामवंत लेखकांचे उतारे दिले होते. सुधारून वाढवलेली आवृत्ती पूर्ण व्हायला फार वेळ लागणार असं दिसल्यावर १७८० साली उतारे गाळून सगळा कोश एकाच खंडात बसवला. आजचा कोश या एकखंडी कोशाचा वंशज आहे. जागा वाचवण्याची सवय त्याच्या अंगात मुरलेली आहे.

'नीन्यो, न्या' ही नोंदच बघा. 'न्या' हा वेगळा शब्द नाही. मुलगा 'नीन्यो' तर मुलगी 'नीन्या', एवढंच त्या शेपटातून कळतं. क्रियापदापुढे 'टीआर.' असेल तर सकर्मक, 'आयएनटीआर.' असेल तर अकर्मक. 'पीआरएनएल.' दिसलं तर सोबत 'से' हे सर्वनाम हवं, आणि तिथे अर्थही सरकू शकतो: 'दोर्मीर' म्हणजे झोपणं, 'दोर्मीर्से' म्हणजे झोप लागणं. मला तर ही खूण सगळ्यात मोलाची वाटते. लिंगाची खूण आपल्याला नवी नाही; मोल्सवर्थच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशातही नामापुढे लिंग दिलेलं आहे.

काही खुणा शब्दाचं वय सांगतात. अकादमीच्या २००१ च्या आवृत्तीत याचा हिशेब ठरलेला आहे. १५०० नंतर ज्याचा पुरावा सापडत नाही त्यापुढे 'एएनटी.', आणि १५०० नंतर वापरात होता पण १९०० नंतर दिसत नाही त्यापुढे 'डीईएसयूएस.'. ही अक्षरं न बघता शब्द उचलला, तर पाचशे वर्षांपूर्वीचा शब्द आजच्या गप्पांमध्ये येऊन बसतो.

जुना कोश हाती आला तर आणखी एक गोष्ट माहीत हवी. १८०३ च्या आवृत्तीपासून 'सीएच' आणि जोडीचा 'एलएल' ही स्वतंत्र अक्षरं धरली जात. १९९४ साली स्पॅनिश अकादमींच्या परिषदेत ती प्रथा सोडायचं ठरलं. 'एन्ये' (ñ, 'न्य' उच्चाराचं अक्षर) मात्र आजही 'एन'नंतर वेगळं उभं आहे. त्यामुळे जुन्या कोशात 'सीएच'ने सुरू होणारा 'चिको' सापडत नसेल तर 'सी'चे सगळे शब्द संपेपर्यंत पानं उलटत जा, आणि किल्लीसाठीचा, 'एलएल'ने सुरू होणारा 'य्यावे' हवा असेल तर 'एल' संपल्यावर शोधा.