रेगी बुशचा हाइझमन: गेला कसा, परत आला कसा

24 एप्रिल 2024 रोजी हाइझमन ट्रस्टने माजी फुटबॉलपटू रेगी बुशला 2005 सालचा करंडक परत दिला. अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधला हा सर्वांत मानाचा पुरस्कार 1935 पासून दरवर्षी एकाच खेळाडूला मिळतो. मिळालेला करंडक सोडून द्यावा लागलेला विजेता मात्र बुश एकटाच. 2010 मध्ये सोडलेला करंडक चौदा वर्षांनी परत आला, कारण मधल्या काळात पैशांबाबतचे नियम बदलले होते.

ते नियम घडले कसे, हे आधी पाहू. 1905 च्या हंगामात मैदानावर इतके मृत्यू झाले की अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना लक्ष घालावे लागले. पुढच्याच वर्षी कॉलेजांच्या खेळांचे नियम ठरवणारी एक संस्था उभी राहिली आणि 1910 मध्ये तिला एनसीएए हे नाव मिळाले. खेळाडू हौशीच असला पाहिजे, हा तिचा पाया. 1956 पासून शिष्यवृत्तीला मोकळीक मिळाली: शिकवणीची फी, राहणे, जेवण, पुस्तके. पगार मात्र नाही. कोलोरॅडोत सामन्यातल्या दुखापतीने दगावलेल्या एका खेळाडूच्या पत्नीने कामगार म्हणून भरपाई मागितली, तर 1957 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. खेळाडू हा नोकर नव्हे, या भूमिकेमागे तत्त्व किती आणि हिशेब किती, हे ज्याने त्याने ठरवावे. माझा कल हिशेबाकडे आहे.

बुश सॅन दिएगोचा. 2003 मध्ये तो लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात, म्हणजे यूएससीत, दाखल झाला. प्रशिक्षक होते पीट कॅरोल. बुशची जागा रनिंग बॅकची, म्हणजे चेंडू काखेत मारून समोरच्या भिंतीतून वाट काढायची. पण हा कुठेही उभा राहायचा. पास झेलायचा, किक परतवायचा. पूर्ण वेगात असताना अचानक दिशा बदलण्याची त्याची हातोटी आजही जुन्या चित्रफितींत बघण्यासारखी आहे. 19 नोव्हेंबर 2005 रोजी फ्रेस्नो स्टेटविरुद्ध त्याने सगळे मिळून 513 यार्ड कापले, त्यातले 294 धावत. त्या हंगामात चेंडू घेऊन धावताना त्याची सरासरी 8.7 यार्ड होती. इथे पाच-साडेपाच म्हणजेसुद्धा उत्तम समजतात.

त्याच हंगामात, 15 ऑक्टोबरला, नोत्र दामविरुद्ध अखेरच्या क्षणी यूएससीचा क्वार्टरबॅक, म्हणजे हल्ल्याची सूत्रे हलवणारा, मॅट लायनर्ट गोलरेषेपाशी अडकला. बुशने त्याला मागून रेटले, चेंडू रेषेपार गेला, म्हणजे टचडाउन झाले, यूएससी 34-31 ने जिंकली. असे ढकलणे तेव्हा नियमबाह्य होते. पंचांनी दंड दिला नाही, आणि पुढे कॉलेज फुटबॉलने तो नियमच काढून टाकला. म्हणजे हजारो प्रेक्षकांसमोर मोडलेला नियम दंतकथा झाला. बुशला भोवला तो मैदानाबाहेरचा.

हायस्कूल संपल्यावर तीन वर्षे गेल्याशिवाय एनएफएल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलची लीग, कोणाला घेत नाही, त्यामुळे वाट कॉलेजातूनच जाते. त्या तीन वर्षांत नव्वद हजारांचे स्टेडियम भरत होते, 5 क्रमांकाच्या जर्सी विकल्या जात होत्या, आणि बुशला त्यातला एक डॉलर घेण्याची मुभा नव्हती. त्याचे एजंट होऊ पाहणाऱ्यांनी ही फट हेरली. बुश व्यावसायिक झाला की आपल्याकडे येईल, या हिशेबाने त्यांनी पैसे पुरवले. त्याचे आई-वडील भाडे न देता एका घरात राहत होते. 2006 मध्ये याहू स्पोर्ट्सने हे उघड केले. त्याच वर्षी एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, न्यू ऑर्लिन्स सेंट्स संघाने बुशला दुसऱ्या क्रमांकावर निवडले.

जून 2010 मध्ये एनसीएएचा निकाल लागला. यूएससीला दोन वर्षे हंगामानंतरच्या बाउल सामन्यांची बंदी, 30 शिष्यवृत्त्यांची कपात, 14 विजय रद्द. विद्यापीठाला बुशशी संबंधही तोडावा लागला. सप्टेंबरमध्ये त्याने करंडक सोडला. कॅरोल जानेवारीतच एनएफएलमध्ये सिएटलला गेले होते. बंदी भोगली ती त्यांच्यामागून आलेल्या मुलांनी, ज्यांचा या व्यवहाराशी काही संबंध नव्हता. या प्रकरणातली मला सर्वांत खटकणारी बाब हीच.

मग चक्र फिरले. 21 जून 2021 रोजी खेळाडूंना मिळणाऱ्या लाभांवरच्या मर्यादांविषयीच्या अल्स्टन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एनसीएएविरुद्ध एकमताने निकाल दिला, आणि 1 जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावावर, छबीवर कमावण्याची मोकळीक मिळाली. 2025 मध्ये तर विद्यापीठांनी थेट पैसे देण्यालाही न्यायालयाची मंजुरी मिळाली.

'आज हे सगळे कायदेशीर ठरले असते,' हा बुशच्या समर्थकांचा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. जाहिरातीचे पैसे घेणे आज चालते. भावी एजंटाने करारापूर्वी घरच्यांची सोय लावणे ही वेगळी गोष्ट आहे. पण पैशाचा सरळ रस्ता खुला असता तर या आडवाटेची गरजच कितीशी उरली असती?

बुशबरोबर यूएससीलाही करंडकाची प्रतिकृती मिळाली. 14 विजय मात्र नोंदीत परत आलेले नाहीत. 2023 मध्ये बुशने एनसीएएवर बदनामीचा दावा लावला, तर 2024 मध्ये कॉलेजच्या दिवसांतल्या बुडालेल्या कमाईसाठी एनसीएएबरोबर यूएससीलाही कोर्टात खेचले.