वर्गातली हवा तासाला किती वेळा बदलते?

इंदूर २०१७ पासून २०२३ पर्यंत स्वच्छ शहरांच्या यादीत सलग पहिलं आलं आणि २०२५ च्या स्वच्छ वायू सर्वेक्षणातही दहा लाखांवर वस्तीच्या शहरांत त्याचाच पहिला नंबर लागला. कौतुक रास्त आहे, सफाई कामगारांच्या मेहनतीचं ते फळ आहे. मात्र त्या सर्वेक्षणात गुण मिळतात ते रस्त्यावरची धूळ, जाळला जाणारा कचरा, वाहनांचा धूर आटोक्यात आणल्याबद्दल. इंदूरमधल्या भंवरकुआँच्या एखाद्या कोचिंग क्लासमध्ये दारं-खिडक्या लावून, एसी सुरू करून पन्नास मुलं तीन-तीन तास बसतात, त्या खोलीतली हवा कुठल्याच यादीत येत नाही. टीबी, गोवर, कांजिण्या, फ्लू, कोविड हे आजार पसरायला अशीच खोली लागते.

घरात कोणाला टीबी निघाला की आपल्याकडे आधी त्याचं ताट-वाटी वेगळं होतं. टीबीचा जिवाणू ताटातून, कपड्यातून किंवा हात मिळवल्याने पसरत नाही. वेगळ्या ताटाने रोग अडत नाही, माणूस मात्र मनाने खचतो, लपवाछपवी सुरू होते आणि औषध लांबतं. आणि त्याच घरात थंडी वाजते म्हणून रात्रभर खिडकी बंद असते नि एका खोलीत चौघं झोपतात. काळजी घ्यायची ती जागा ही.

खोकताना, शिंकताना, गाताना, अगदी नुसतं बोलतानाही तोंडातून थेंब उडतात. त्यांचे आकार एकसारखे नसतात. काही डोळ्याला दिसणारे शिंतोडे, तर बरेचसे केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक. (केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) विल्यम वेल्स या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९३४ मध्ये एक साधा प्रश्न विचारला: थेंब आधी जमिनीवर पोचतो की आधी सुकतो?

दोन्ही गोष्टी आकारावर ठरतात. थेंबाचा व्यास निम्मा झाला की त्याचा खाली पडण्याचा वेग पाव होतो. १०० मायक्रॉनचा थेंब दीड मीटर उंचीवरून पाच-सहा सेकंदांत जमिनीवर येतो. १० मायक्रॉनच्या कणाला आठेक मिनिटं लागतात, ५ मायक्रॉनच्या कणाला अर्धा तास, आणि १ मायक्रॉनच्या कणाला जवळजवळ बारा तास. त्यातून लहान थेंब वाटेतच सुकतो. पाणी उडून जातं, मागे उरतो मीठ, शेंबडातली प्रथिनं आणि असलाच तर जंतू यांचा एक कोरडा कण. मे महिन्यातल्या इंदूरच्या कोरड्या हवेत तर हे सुकणं फारच झटपट होतं. म्हणजे जो थेंब निघताना पडण्याइतका जड होता, तोच सुकून तरंगता होतो.

हे बारा तास, अर्धा तास वगैरे आकडे संथ हवेचे आहेत. खऱ्या खोलीत हवा संथ कधीच नसते. आपल्या शरीराच्या उबेने अंगालगतची हवा सतत वर चढत असते, सेकंदाला दहा-वीस सेंटिमीटर वेगाने. ५ मायक्रॉनचा कण सेकंदाला एक मिलिमीटरही खाली येत नाही. अशा कणाला स्वतःचा असा वेगच उरत नाही, हवा जाईल तिकडे तो जातो. देवघरात लावलेल्या उदबत्तीचा वास थोड्या वेळात पार स्वयंपाकघरात येतो, तसाच. ‘सहा फूट अंतर ठेवा’ हा नियम मोठ्या शिंतोड्यांपुरता बरा आहे. बंद खोलीत तीन तास बसलात तर शेवटच्या बाकावरही सुटका नाही.

हे सगळं कागदावरच राहिलं नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बाल्टिमोरला रिचर्ड रायली आणि वेल्स यांनी टीबी रुग्णांच्या सहा खाटांच्या वॉर्डातली हवा नळीवाटे वरच्या मजल्यावर नेली आणि तिथे पिंजऱ्यांत गिनी पिग ठेवले. रुग्ण आणि प्राणी यांच्यात हवेखेरीज काहीच सामाईक नव्हतं. प्राण्यांना टीबी झाला. तीच हवा अतिनील किरणांमधून नेऊन दुसऱ्या गटाला दिली, त्या गटात कोणालाच झाला नाही. आणखी एक महत्त्वाची गोष्ट दिसली: बहुतेक लागण मोजक्याच रुग्णांकडून झाली होती आणि योग्य औषध सुरू झालेले रुग्ण फारच कमी लागण करत होते. इतका स्वच्छ पुरावा असूनही मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोविड हवेतून पसरत नाही असं ठासून सांगितलं होतं. ‘हवेतून’ या शब्दाची व्याख्या सुधारून घ्यायला २०२४ चा एप्रिल उजाडला. या चार वर्षांत जगाने हात धुण्यावर आणि पृष्ठभाग पुसण्यावर जितका भर दिला, तितका खिडक्यांवर दिला असता तर बरं झालं असतं.

श्वासाबरोबर आत गेलेला मोठा कण नाकात, घशात अडकतो. एक ते पाच मायक्रॉनचा कण थेट वायुकोशांपर्यंत पोचतो. टीबीचा जिवाणू दोन-चार मायक्रॉन लांब, अर्ध्या मायक्रॉनहून बारीक, म्हणजे या मापात अगदी चपखल बसणारा. तिथल्या भक्षक पेशी त्याला गिळतात, पण तो त्यांच्या पोटातच तग धरून राहतो. लागण झालेल्या शंभरातल्या पाच ते दहा जणांना पुढे आयुष्यात कधीतरी आजार होतो, त्यातल्या निम्म्यांना पहिल्या दोन वर्षांतच. कुपोषण, मधुमेह, तंबाखू यांनी ही शक्यता वाढते. झारखंडमधल्या एका मोठ्या चाचणीत रुग्णाच्या घरच्यांना सकस शिधा दिला, तर त्यांच्यातलं टीबीचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी झालं. २०२३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उपचार चालू असताना सरकारकडून रुग्णाच्या खात्यात दरमहा हजार रुपये पोषणासाठी येतात, ते फळं-अंडी-डाळींवरच खर्च व्हावेत.

दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं, रात्री घाम ही लक्षणं असतील तर थुंकीची तपासणी करून घ्यावी. ती आणि सहा महिन्यांची औषधं सरकारी केंद्रांत मोफत आहेत. इंदुरात मनोरमा राजे टीबी रुग्णालय आहेच.

पण औषध संपलं म्हणजे सगळं पूर्ववत झालं असं नाही. जिवाणू मरतो, फुप्फुसाची झालेली नासधूस राहते. श्वासनलिका सैल होऊन रुंदावतात आणि त्यांत कफ साचतो. काही भाग वणासारखा कडक होतो. पोकळी राहिली असेल तर तिच्यात बुरशीचा गोळा वाढू शकतो आणि खोकल्यातून रक्त पडतं. टीबीतून बऱ्या झालेल्यांचा मृत्युदर सर्वसाधारण लोकांच्या सुमारे तिप्पट असतो, हे २०१९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर दिसलं. आपल्याकडे मोठी गडबड होते ती इथे. बऱ्या झालेल्या माणसाला दम लागतो, एक्स-रेवर जुना डाग दिसतो, आणि टीबीच्याच गोळ्या पुन्हा सुरू होतात. जनुकीय चाचणीत मेलेल्या जिवाणूंचा अंशही कधीकधी पॉझिटिव्ह येतो. म्हणून अशा वेळी थुंकीचं कल्चर करून जिवंत जिवाणू उगवतात का हे बघायला हवं. आणि कोर्स संपला की प्रत्येकाची स्पायरोमेट्री व्हावी: नळीत जोराने फुंकायचं, पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर येते ते यंत्र मोजतं. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, पण सहसा कोणी सांगत नाही.

गोवराचं लांबणारं नुकसान वेगळ्या जातीचं. लस न घेतलेल्या मुलांमध्ये गोवर होऊन गेल्यावर आधीच्या रोगांविरुद्ध तयार असलेली ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं पुसली गेल्याचं २०१९ मध्ये दिसलं. कोविडनंतर महिनोन्‌महिने टिकणारा थकवा तर अनेक घरांनी पाहिला आहे.

आता खोलीकडे वळू. जंतू मोजणं अवघड, पण कार्बन डायऑक्साइड मोजणं सोपं आहे. उच्छ्वासात तो सुमारे ४ टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४०,००० भाग) असतो, बाहेरच्या हवेत ४२० च्या आसपास. खोलीत तो जितका जास्त, तितकी आपण दुसऱ्यांनी सोडलेली हवा पुन्हा ओढतोय. मीटर घेताना तो इन्फ्रारेड सेन्सरवर चालणारा आहे ना हे पाहा. स्वस्त मीटर दुसऱ्याच वायूंवरून अंदाजाने आकडा दाखवतात. ओळखायची खूण: जवळ सॅनिटायझरचा बोळा धरा. आकडा एकदम उसळला तर मीटर खोटा. खरा असेल तर आधी गच्चीवर नेऊन ४२० च्या जवळपास दाखवतो का बघा, मग वर्गात बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर, कोणाच्याही तोंडापासून दीड मीटर लांब ठेवा.

दहा बाय सात मीटरची, ३.२ मीटर उंच खोली धरा: २२४ घनमीटर. शांत बसलेला माणूस तासाला सुमारे १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो, पन्नास जण ९०० लिटर. फटींतून तासाला एकदाच हवा बदलत असेल, म्हणजे तासाभरात खोलीच्या आकारमानाइतकीच बाहेरची हवा आत येत असेल, तर पहिल्या तासाअखेर मीटर २,९५० च्या आसपास जातो, दुसऱ्याअखेर ३,९०० ला टेकतो. पहिल्या तासाला प्रत्येक सोळावा श्वास दुसऱ्याच्या फुप्फुसातून आलेला, दुसऱ्या तासाला अकरावा-बारावा. एसी चालू असला तरी हेच, कारण भिंतीवरचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून परत सोडतो, बाहेरची आत आणत नाही. अनेकांना हे माहीतच नसतं.

हवा किती वेळा बदलते हे तुम्हालाही काढता येतं. वर्ग सुटून खोली रिकामी झाली की मीटर आत ठेवा. आकडा २,९५० असेल तर बाहेरच्यापेक्षा २,५३० जास्त आहे. त्याचं निम्मं, म्हणजे मीटर १,६८५ वर यायला किती मिनिटं लागली ते लिहा आणि ४२ ला त्या मिनिटांनी भागा. ४२ मिनिटं लागली तर तासाला एक बदल, पाच मिनिटांत झालं तर आठ. जागतिक आरोग्य संघटना माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा सुचवते. आपल्या पन्नास जणांच्या खोलीला ती तासाला १,८०० घनमीटर, म्हणजे आठ बदल पडते. तेव्हा मीटर ९५० च्या आत राहतो.

त्यासाठी एक्झॉस्ट फॅन लागतात. डब्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. जाळी, झडप, पात्यांवरची धूळ धरून त्याचा दोन-तृतीयांशच हिशेबात घ्या. तासाला १,२०० घनमीटर लिहिलंय तर ८०० माना, म्हणजे तीन फॅन लागले. ते दाराच्या अगदी वर बसवू नका, दारातून आलेली हवा तशीच वरून निघून जाते आणि मागची मुलं कोंदटच राहतात. हवा आत येण्याची जागा समोरच्या भिंतीत हवी, एकूण निदान अर्धा चौरस मीटर उघडी. सगळं बंद ठेवून फॅन लावला तर तो नुसता घरघरतो. फॅनसमोर उदबत्ती धरा, धूर झपकन बाहेर ओढला गेला पाहिजे. आत परतला तर फॅन उलटा बसवलाय किंवा झडप अडकली आहे.

उदबत्तीचा उपयोग एवढाच. कापूर, धूप जाळून हवा शुद्ध होत नाही, उलट बारीक धुराचे कण वाढतात. दम्याच्या रुग्णाला ते बाधतात. गळ्यात कापूर-ओव्याची पोटली बांधून टीबी किंवा फ्लू टळत नाही. ‘९९.९ टक्के जंतू नष्ट’ म्हणणारी आयन सोडणारी यंत्रंही विकत घेऊ नका. हेपा गाळणीचं यंत्र खरंच काम करतं. ते कार्बन डायऑक्साइड कमी करत नाही, पण जंतूवाहू कण अडवतं.

जुन्या बांधकामाचंही मोल समजून घ्यावं. पेरूची राजधानी लिमामधल्या आठ रुग्णालयांचा २००७ मध्ये अभ्यास झाला. १९५० पूर्वीच्या, उंच छताच्या नि मोठ्या खिडक्यांच्या खोल्यांत तासाला ४० वेळा हवा बदलत होती, नव्या खोल्यांत खिडक्या उघडूनही १७ वेळा. राजवाड्याच्या मागच्या जुन्या वाड्यांत चौक, उंच माळवदं, समोरासमोर खिडक्या होत्या, तिथे हवा खेळती राहायची. ते पाडून काचेच्या भिंतींच्या इमारती उभ्या राहतात, तेव्हा निदान उघडणाऱ्या खिडक्या नकाशात मागून घ्याव्यात.

मे महिन्यात ४२ अंशांत खिडकी उघडा म्हटलं तर क्लासवाले विजेचं बिल दाखवतील आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. मग तासाच्या मध्ये दहा मिनिटं सुट्टी द्या, मुलांना बाहेर काढा, समोरासमोरची दारं-खिडक्या सताड उघडा. तासाला बारा बदल मिळाले तरी दहा मिनिटांत साचलेल्यापैकी सातवा हिस्साच उरतो. संध्याकाळच्या बॅचला तर हिशेबाचीही गरज नाही, मालव्याची हवा रात्री गार होते, सात वाजता एसी बंद करून खिडक्या उघडता येतात.