सिंगापूरचे मोटार-नियंत्रण धोरण

सिंगापूरचे मोटार-नियंत्रण धोरण : खासगी मोटारींची संख्या आणि त्यांचा रस्त्यावरचा वावर शुल्क लावून आवरायचा आणि त्याच सुमारास बस व मेट्रोची सोय वाढवायची, या सूत्रावर सिंगापूर सरकारने १९७० च्या दशकापासून उभारलेली व्यवस्था. सुमारे ७३० चौ. किमी. क्षेत्रफळाच्या या बेटावर रस्ते वाढवत नेणे परवडणारे नव्हते. मात्र धोरणाची सुरुवात मोटारींपासून नव्हे, बसपासून झाली, ही गोष्ट पुष्कळदा नजरेआड होते.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात येथील बस अनेक लहान कंपन्यांच्या हाती होत्या. गाड्या जुन्या आणि वेळापत्रक बेभरवशाचे. शिवाय परवाना नसलेल्या टॅक्सी सर्रास चालत. १९७१ मध्ये बसकंपन्यांचे विलीनीकरण सुरू झाले, १९७३ मध्ये सिंगापूर बस सर्व्हिस ही एकच कंपनी उभी राहिली आणि १९७४ पासून रस्त्यांवर बससाठी वेगळ्या मार्गिका आखल्या गेल्या. त्यानंतर मोटारींच्या रस्त्यावरच्या वावराला हात घातला गेला.

२ जून १९७५ पासून शहराच्या मध्यभागातील सुमारे सहा चौ. किमी. भाग सकाळच्या गर्दीच्या वेळेपुरता ‘मर्यादित क्षेत्र’ ठरवण्यात आला. तेथे मोटार न्यायची तर दिवसाचा ३ सिंगापूर डॉलरचा कागदी परवाना काचेवर चिकटवावा लागे. क्षेत्रात शिरण्याच्या रस्त्यांवरील कमानींपाशी उभे असलेले कर्मचारी तो डोळ्यांनी पाहून घेत. यंत्र कुठलेच नव्हते. बसला शुल्क नव्हते आणि चार किंवा अधिक माणसे बसलेली मोटारही सुटत असे. सकाळी क्षेत्रात शिरणारी वाहतूक ४० टक्क्यांहून अधिक घटली.

लोकांनी पळवाटाही लगेच शोधल्या. साडेसातला सुरू होणारे बंधन साडेनऊला संपताच मोटारींची रांग आत शिरू लागली, म्हणून काही आठवड्यांतच वेळ सव्वादहापर्यंत वाढवावी लागली. मोटारवाले बसथांब्यावरच्या माणसांना उचलून चारचा आकडा भरू लागले आणि अखेर १९८९ मध्ये ती सवलत रद्द झाली. त्याच वर्षी संध्याकाळचे बंधनही आले. सकाळी आत न आलेली मोटार संध्याकाळीही रस्त्यावर नसेल, हा सुरुवातीचा अंदाज चुकला होता.

सर्वांत बोलका ठरला तो फसलेला प्रयोग. मोटारी क्षेत्राच्या कडेला उभ्या कराव्यात आणि पुढे बसने जावे, यासाठी मोठे वाहनतळ बांधून तेथून खास बस सोडल्या होत्या. वाहनतळ जवळजवळ रिकामे राहिले. घरातून मोटार काढलेला माणूस मध्येच उतरून बस पकडायला सहसा तयार होत नाही. बस त्याच्या घराजवळच मिळायला हवी. सरकारने हट्ट धरला नाही आणि त्या बस वस्त्यांमधून शहरात येणाऱ्या मार्गांकडे वळवल्या. भारतीय शहरांत आज मेट्रो स्थानकांलगत वाहनतळ मागणाऱ्यांनी हा अनुभव अवश्य तपासावा.

मेट्रोचा निर्णय सोपा नव्हता. तज्ज्ञांच्या एका गटाने केवळ बसवर भर द्यावा असे सुचवले होते. मंत्री ओंग तेंग च्योंग यांनी रेल्वेचा पाठपुरावा केला, १९८२ मध्ये निर्णय झाला आणि ७ नोव्हेंबर १९८७ रोजी पहिला टप्पा सुरू झाला.

१९९० मध्ये नियंत्रण रस्त्यावरून थेट मोटारींच्या संख्येपर्यंत पोहोचले. नवी मोटार नोंदवण्याआधी ती दहा वर्षे वापरण्याचे हक्कपत्र लिलावात बोली लावून घ्यावे लागते. किती हक्कपत्रे काढायची हे सरकार ठरवते, किंमत बोलीतून ठरते. फेब्रुवारी २०१८ पासून मोटारी व मोटारसायकलींच्या वाढीचा दर शून्य ठेवला आहे, म्हणजे ढोबळमानाने जुनी गाडी बाद झाल्यावरच नवीला जागा. १९९८ मध्ये कागदी परवान्याची जागा इलेक्ट्रॉनिक वसुलीने घेतली. कमानीखालून जाताना गाडीतील यंत्रात बसवलेल्या कार्डातून रक्कम कापली जाऊ लागली. शुल्क वेळेनुसार बदलते आणि वाहतुकीचा वेग पाहून त्याचा ठरावीक काळाने फेरविचार होतो. मुख्य रस्त्यांवर ताशी २० ते ३० आणि द्रुतगती मार्गांवर ४५ ते ६५ किमी. वेग राखणे हे त्यामागचे लक्ष्य. महाराष्ट्रात खासगी मोटारीवर नोंदणीच्या वेळी एकरकमी कर भरला की गर्दीच्या वेळी रस्ता वापरण्याचे वेगळे मोल द्यावे लागत नाही. सिंगापूरमध्ये ते दरवेळी जाणवते, आणि माझ्या मते या व्यवस्थेचा खरा जोर तिथेच आहे.

बंधन घालणाऱ्या सरकारवर पर्याय धड ठेवण्याची जबाबदारी येते. डिसेंबर २०११ मध्ये मेट्रो दोनदा मोठ्या प्रमाणावर बंद पडली तेव्हा लोकांचा राग उसळला आणि चौकशी समिती नेमावी लागली. बसमधील गर्दीवरही तक्रारी होत्याच. २०१२ मध्ये सरकारने स्वतःच्या पैशाने शेकडो बस आणण्याचा कार्यक्रम घेतला. २०१६ पासून तिकिटाचे उत्पन्न सरकारकडे जमा होते आणि कंपन्यांना फेऱ्या चालवण्याचे ठरलेले पैसे मिळतात. त्यामुळे कमी प्रवाशांचा मार्गही टिकवता येतो. तिकीट एकूण अंतरावर असल्याने बस बदलून मेट्रो धरली तरी नव्याने मूळ भाडे पडत नाही.

लंडनने २००३ मध्ये आणि स्टॉकहोमने २००६ मध्ये आपापल्या पद्धतीने मध्यवर्ती भागासाठी शुल्क आणले. हक्कपत्राच्या लिलावाचे अनुकरण मात्र फारसे झाले नाही. त्यावरचा आक्षेप गंभीर आहे : २०२३ मध्ये मोठ्या मोटारीच्या हक्कपत्राची बोली दीड लाख सिंगापूर डॉलरच्या आसपास गेली, आणि ही रक्कम मोटारीच्या किमतीखेरीज द्यायची असते. श्रीमंताला ती झेपते. लहान मुले किंवा आजारी आईवडील घरात असलेल्या मध्यमवर्गीय कुटुंबाला झेपत नाही, आणि गरज पाहून हक्कपत्र द्यावे ही मागणी तेथे वारंवार पुढे येते.